दिवेवाल्यांची काच

तोंड भिंतीकडे

एवढा एकच नियम होता.

संगणक एक आणि खेळणारी माणसं तीन. एकाची पाळी चालू असताना उरलेल्या दोघांनी पडद्याकडे बघायचं नाही, कारण त्याचा सगळा नकाशा तिथे उघडा पडलेला असतो: कुठल्या खिंडीत सैन्य दडवलंय, कुठला किल्ला रिकामा टाकून तो बाहेर पडलाय, सगळं. पाळी संपली की उठायचं, दुसऱ्यानं त्याच्या उबेवर बसायचं. बितोममध्ये, पोलंडमधल्या त्या खाणींच्या गावात, ज्या घरात संगणक होता तिथे हा खेळ असाच चालायचा आणि सगळे त्याला 'गरम खुर्ची' म्हणायचे. सबीनानं तरुणपणाचा बराचसा भाग भावाच्या खोलीतल्या भिंतीकडे तोंड करून काढला होता. तिथल्या कागदावरची तपकिरी फुलं तिला शाळेतल्या मैत्रिणींच्या चेहऱ्यांपेक्षा जास्त पाठ होती.

"बिंका, वळू नकोस."

"वळले नाहीये. मान अवघडलीये."

"मान मोडली तरी चालेल. डोळे तिकडेच."

हा तिचा भाऊ राइमुंड, घरीदारी मुंडेक; सबीनाला तो बिंका म्हणायचा. तिच्याहून मोठा, पुढे ट्राम चालवायला लागलेला. तिसरा आखिम, खालच्या मजल्यावरचा, मुंडेकचा शाळेपासूनचा दोस्त. आखिम भिंतीकडे तोंड करून उभ्या उभ्या पाव खायचा आणि घोरायचंही नाटक करायचा. त्या इमारतीखालचा कोळसा आज्यांच्या काळातच काढून झाला होता, त्यामुळे जमीन खिडकीकडे कलती होती आणि चाकांची खुर्ची सोडली की आपली आपण निघायची. चाकाला वीट लावून ते खेळत.

खेळाचं नाव 'राखेचा मुकुट'. त्यात सबीना जंगलातले लोक घ्यायची, आखिम समुद्रातले आणि मुंडेक कायम भुयारातले. बाप आणि आजा दोघांनी खाणीत हाडं झिजवली होती, मुंडेक पहिला वर राहिलेला. "घराण्यातलं कुणीतरी खाली जायला हवं ना," असं तो म्हणायचा आणि आपले खाणकरी, आपले पाताळघोडे, आपले दिवेवाले घेऊन निघायचा. दिवेवाले म्हणजे हातात कंदील घेतलेली बुटकी, हट्टी माणसं. त्यातलं एक पडलं की कंदिलाची काच फुटल्याचा आवाज यायचा.

मग मुंडेकचे डोळे गेले

एकदम नाही. आधी कडा गेल्या. ट्रामच्या बाजूनं येणारी सायकल दिसेना तेव्हा त्यानं स्वतःच चाव्या टेबलावर ठेवल्या. मग मधलं उरलं होतं ते बटणाएवढं झालं, आणि एका वसंतात तेही मिटलं. त्याला टॅक्सीवाल्यांच्या फोनवर काम मिळालं, घरी बसून. कुठल्या गल्लीत खोदलंय आणि कुठून आत शिरायचं हे तो चालकांना असं सांगायचा की नवीन पोरांना वाटे, साहेबांनी गावाचा नकाशा भिंतीवर लावलाय.

खेळ थांबला नाही. आखिम त्याचे डोळे झाला. आपली समुद्रातली माणसं त्यानं सोडून दिली आणि मुंडेकच्या शेजारी स्टूल टाकून त्याच्या कानात कुजबुजायला लागला. सबीना आता भिंतीकडे तोंड करून वर कानांत बोटं घालायची आणि मोठ्यानं गुणगुणायची. आणि सबीनाची पाळी आली की मुंडेकही खुर्ची भिंतीकडे फिरवायचा.

"अरे, तुला कुठे दिसतंय?" पहिल्या वेळी तिच्या तोंडून निघून गेलं.

"नियम नियम असतो," तो भिंतीला म्हणाला. "आखिम, तूसुद्धा. तू माझे डोळे आहेस. डोळ्यांनी लबाडी करायची नाही."

दरवर्षी एखादा मोठा डाव व्हायचा, हिवाळाभर चालायचा. मुंडेक कधी जिंकायचा, बहुतेक वेळा हरायचा, आणि हरला की सबीनाला अशा शिव्या घालायचा की खालून रेगिना, आखिमची बायको, झाडूच्या दांड्यानं छत ठोकायची.

पण खेळ म्हातारा झाला. नव्या यंत्रावर तो मधेच गोठायचा. त्याचं नाव कुणा परदेशी कंपनीनं विकत घेतलं आणि त्या नावाखाली दोन खेळ काढले. आखिमनं त्यातला एक तासभर मुंडेकला वाचून दाखवला. "मुकुट आहे," तो शेवटी म्हणाला, "पण खेळण्यातला."

आणि मग व्रोत्सवाफमधल्या पाच जणांनी, जे स्वतः लहानपणी भिंतीकडे तोंड करून मोठे झाले होते, ठरवलं की तसा खेळ आपणच करू. नाव वापरायला परवानगी नव्हती. त्यांनी आपल्या खेळाचं नाव ठेवलं 'निखारा'.

"बरोबर आहे," मुंडेक म्हणाला. "राख दिली नाही, तर फुंकर मारून घेतली."

किती वर्षं मुंडेक आणि आखिम त्याची वाट बघत होते. शनिवारी आखिम वर यायचा आणि त्या पाच जणांनी काय लिहिलंय, कुठला किल्ला तयार झाला, कुठला फसला, ते वाचून दाखवायचा. एकदा मुंडेकनं त्याच्याकडून त्यांना लिहवून घेतलं: मी आंधळा आहे, जुना खेळ कानांनी खेळतो, सगळं नवीन करा पण दिवेवाल्यांची काच तशीच ठेवा. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. ठेवतोय. आमच्यातल्या एकानं त्यासाठी आजीचा कंदील फोडलाय, आजीला सांगू नका.

ते उत्तर आखिमनं निदान दहादा वाचलं असेल. ऑक्टोबरच्या शेवटी, बटाट्यांची पिशवी घेऊन जिना चढताना, तो दुसऱ्या वळणावर बसला आणि उठला नाही.

'निखारा' मार्चमध्ये आला.

मार्च

तो सबीनानं आणला. ती आता ग्लिविट्सेला राहायची, एका दवाखान्यात क्ष-किरणांच्या खोलीत कामाला होती, आणि रविवारी यायची. रविवारचं जेवण ठरलेलं: कोंबडीचं सूप, मग मांसाच्या गुंडाळ्या, मधे खड्डा असलेले बटाट्याचे गोळे, लाल कोबी. आई गेल्यापासून ते ती करायची.

पहिल्या रविवारी मुंडेकनं तिला काही करूच दिलं नाही. नुसतं सुरू करून ठेव म्हणाला. खेळाच्या दाराशीच एक सूर वाजत होता, जुना नव्हे, पण जुन्याच्या घरातला. मग तिनं एक किल्ला उघडला तेव्हा नाणी पडली, घोडा फुरफुरला, लांब कुठेतरी हातोडा पडला.

"ही आपलीच माणसं आहेत," तो हळूच म्हणाला. "बाप तोच आहे. आई वेगळी." मग थोड्या वेळानं, "आखिम, ऐकतोयस ना रे," असं तो रिकाम्या स्टुलाकडे वळून म्हणाला आणि लगेच सबीनाला, "सवय आहे, लक्ष नको देऊस."

अडचण दुपारपर्यंत दोघांनाही कळली होती, बोलून कुणी दाखवत नव्हतं. मुंडेकचा बोलणारा संगणक त्या खेळात मुका होता, चित्रंच सगळी. तो नुसता 'खिडकी, खिडकी' म्हणत राहायचा. म्हणजे मुंडेकच्या पाळीत सबीनानं पडदा वाचायचा, त्यानं सांगितलेली चाल चालायची. आणि तीच त्याची शत्रू.

"तुला माझं सगळं दिसणार," मुंडेक म्हणाला.

"मी विसरत जाईन."

"तू काही विसरत नाहीस. शाळेत मी तुझी पेन्सिल मोडली ते अजून काढतेस."

"रंगीत होती ती."

"बघ." तो हसला. "ठीक आहे. बघ माझं सगळं. पण मग मला झोडपायला लाजायचं नाही. कबूल?"

"कबूल," सबीना म्हणाली.

मुख्य सेनापतीला हवं ते नाव देता येतं असं कळल्यावर त्यानं आपल्या सेनापतीला आखिम असं नाव दिलं.

साठवलेला खेळ पुन्हा उघडा

हे खेळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं: मोठ्या चालीआधी खेळ साठवून ठेवायचा. फसलं तर तिथून पुन्हा उघडायचा, जणू मधलं घडलंच नाही.

तर एप्रिलचा रविवार, इथून पुढे. मुंडेक विचारतो, "पुलावर कोण आहे?" सबीना म्हणते, "माझे तिरंदाज. दाट. गेलास तर मरशील." मुंडेक फिरतो, डोंगरातून लांबचा रस्ता धरतो, उशीर होतो, एक किल्ला जातो, मग दुसरा. महिन्याभरात तो हरतो. तिला नको नको ते बोलतो. आणि पुढच्या रविवारी बदला घ्यायला दाढी करून बसतो.

असं झालं नाही. पुन्हा उघडा.

एप्रिलचा रविवार. मागच्या रविवारचं सूप भांड्यात तसंच आहे, वर बुरशी. मुंडेकची दाढी वाढलेली. जिन्यात रेगिनानं सबीनाला थांबवून सांगितलंय की आठवडाभर वरून पावलं ऐकू आली नाहीत, दार वाजवलं तर "झोपलोय" म्हणाला, दुपारी. टॅक्सीवाल्यांचं काम त्यानं अर्ध्यावर आणलंय. खेळायला बसतो तेव्हा त्याचे हात मांडीवर असे पडलेत, जणू कुणी दुसऱ्याचे आणून ठेवलेत.

"पुलावर कोण आहे?"

"कुणी नाही," सबीना म्हणाली. "मोकळा आहे."

"खरंच? तू पूल मोकळा सोडलास?"

"चुकलं माझं."

"जा मग. पुलापर्यंत जा."

तिनं त्याचं सैन्य पुलाच्या अलीकडे आणून थांबवलं आणि सांगितलं की आजचं चालणं संपलं. मग आपल्या पाळीत, तो भिंतीकडे तोंड करून बसलेला असताना, तिनं आपले तिरंदाज पुलावरून उठवले आणि दूर जंगलात नेऊन बसवले. म्हणजे खोटं खरं झालं. तिला वाटलं, एवढं काही वाईट नाही हे.

त्या संध्याकाळी मुंडेकनं तीन गोळे जास्त खाल्ले. पुढच्या रविवारी दार उघडलं तेव्हा त्याची दाढी केलेली होती, हनुवटीखाली एक पट्टा राहिलेला. "तुझ्या जंगलाचा आज कोळसा करतो," तो दारातच म्हणाला.

ही दाढी जर उतरली नसती तर तिनं पुढचं केलं नसतं.

पडद्यावर आणि तोंडानं

पडद्यावर: मुंडेकचे खाणकरी मूठभर उरलेत.
सबीना: "बऱ्यापैकी आहेत."

पडद्यावर: तिचा पूर्वेचा किल्ला भरलेला आहे.
सबीना: "तिथे दोन म्हातारे आणि एक कुत्रं आहे."
मुंडेक: "कुत्र्याचं नाव काय?"
सबीना: "मुंडेक."

पडद्यावर: (ती आपल्या पाळीत किल्ला रिकामा करते. शिपाई एकामागून एक दलदलीत नेऊन सोडते. ते तिथे उभे राहतात, कुणाशी लढत नाहीत.)
सबीना: (नुसती गुणगुणते.)

पडद्यावर: मे महिन्याच्या उजेडात काचेवर तिचाच चेहरा.
सबीना: "तुझा झेंडा चढला, राक्षसा. घे माझं घर."
मुंडेक, टाळी वाजवून: "कुत्र्याला मारू नका. माझं नाव आहे त्याचं."

तो पुन्हा पूर्ण वेळ काम करायला लागला. रेगिनाकडे जाऊन त्यानं तिचा नळ हातानं चाचपून दुरुस्त केला. प्रत्येक विजयानंतर ढोल वाजायचा, 'निखारा'तला छोटा, खुशीतला ढोल, आणि मुंडेक तो ओठांनी वाजवत ताटं धुवायचा. सबीना टॉवेल घेऊन शेजारी उभी राहायची. परतीच्या ट्राममध्ये तिचं डोकं दुखायचं. जिंकण्यापेक्षा नीट हरायला फार जास्त डोकं लागतं. कुठे किती कमी ठेवायचं, किती विरोध दाखवायचा, म्हणजे त्याला चव येईल.

जुलै

खिडक्या उघड्या होत्या. खाली कुणी गालिचा झोडपत होतं.

मुंडेकची पाळी. त्याचा सेनापती आखिम सबीनाच्या शेवटच्या जंगलाशी पोचला होता, बरोबर दिवेवाल्यांची अख्खी फौज. जंगलात तिनं मोजके तिरंदाज ठेवले होते, लढाईसारखं वाटावं एवढेच. आज डाव संपणार होता. फ्रिजमध्ये तिनं चुऱ्याचा केक आणून ठेवला होता.

"घाल सैन्य आत," मुंडेक म्हणाला.

तिनं घातलं. लढाई यंत्रावर सोपवली, ती नेहमी तसंच करायची. पण लढाईत नशिबाचाही वाटा असतो, तो तिच्या हातात नव्हता. तिच्या मोजक्या तिरंदाजांचा पहिला बाण दुप्पट लागला. दुसराही. दिवेवाले चिखलात अडकले. काच फुटली, मग फुटतच गेली, एकामागून एक, आणि ती नुसती बघत राहिली, कारण सुरू झालेली लढाई थांबवायची कळ त्या खेळात नव्हती. शेवटची काच फुटली. जंगल शांत झालं. आणि मग एक व्हायोलिन वाजायला लागलं, संथ, तिनंही कधी न ऐकलेलं.

तिनं घाईनं आवाज बंद केला.

"जिंकलास," ती म्हणाली. मनात ठरवलं होतं: खेळ पुन्हा उघडायचा, हीच लढाई पुन्हा लढायची, तो केक खात असताना.

खाली गालिचा झोडपणं थांबलं.

"काय वाजलं ते?"

"जिंकल्याचं."

"जिंकल्यावर ढोल वाजतो. मार्चपासून ढोल ऐकतोय मी."

"शेवटची लढाई ना. शेवटाला वेगळं असेल."

"असेल." त्यानं मांडीवरचे हात उचलून टेबलावर ठेवले. "दिवेवाले किती उरले?"

"बरेच आहेत."

"बिंका, काच फुटली."

"थोडे गेले. लढाईत जाणारच."

"सगळी फुटली. शेवटची कळते मला. शेवटच्या काचेनंतर मागे कंदिलाचा गुणगुणाट राहत नाही. जुन्यातही तसंच होतं. वीस वर्षं ऐकलंय मी ते. आणि इथली तर मी मागून घेतलीये त्यांच्याकडून." तो रागावला नव्हता. तिला वाटलं, रागावला असता तर बरं झालं असतं. रस्त्याचा हिशेब करताना टॅक्सीवाल्यांशी जसा बोलायचा तसा तो बोलत होता, एकेक वळण घेत. "म्हणजे व्हायोलिन हरल्याचं आहे. आणि मी ते आज पहिल्यांदा ऐकतोय. मार्चपासून. म्हणजे मी या खेळात एकदाही हरलेलो नाही. तुझ्याशी. बिंकाशी."

सबीनानं माऊसवरचा हात काढून घेतला.

"कधीपासून?"

"पुलापासून."

"पूल," तो म्हणाला. त्याला पूल आठवत होता. "मी त्या पुलाचं रेगिनाला सांगितलं. नळ दुरुस्त करताना. म्हटलं, बहीण म्हातारी व्हायला लागली, पूल उघडे टाकते."

"तू जेवत नव्हतास, मुंडेक. दार उघडत नव्हतास. मी काय करायला हवं होतं?"

"म्हणून मुलूख भरवलास? चमच्यानं?"

"मला तू हवा होतास. बसलेला, बोलणारा."

"ऐक." त्यानं खुर्ची तिच्याकडे वळवली, वीट निघाली होती, खुर्ची थोडी खिडकीकडे सरकली, त्यानं पायानं धरली. "रस्त्यात लोक माझा हात धरून मला पलीकडे नेतात. मला पलीकडे जायचं नसतं. ट्राममध्ये म्हाताऱ्या उठून जागा देतात, माझ्या आईच्या वयाच्या. टॅक्सीवाले एकमेकांना आयाबहिणींवरून शिव्या देतात आणि माझ्याशी बोलताना 'प्लीज' म्हणतात. सगळं जग बाजूला होतं, बिंका. एक ही खुर्ची होती. इथे तू मला चिरडायचीस आणि वर हसायचीस. आखिमनं मला एकदाही खोटं सांगितलं नाही. मरतोयस म्हणायचा, तू मरतोयस, मूर्खा, फिर मागे."

ती रडत होती, आवाज न करता, आणि तो ते ऐकत होता.

"पुढच्या रविवारी ये," तो म्हणाला. "नवा डाव. खरं सांगायचं आणि खरं मारायचं. केक फ्रिजमध्ये आहे ना? वास येतोय. तो घेऊन जा."

खरा डाव

तो तीन रविवार चालला. सबीनानं त्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं: पूल भरलाय, घाट भरलाय, तुझे खाणकरी मूठभर आहेत. आणि आपल्या पाळीत त्याचं जे जे पाहिलं होतं ते सगळं वापरलं, कारण न वापरणं हेही खोटंच झालं असतं. तो घाटात दबा धरून बसला की ती घाटाला वळसा घालायची. तो किल्ला रिकामा सोडून निघाला की ती त्यात शिरायची.

"चेटकीण," मुंडेक म्हणायचा. "आपल्या ओमा आजीची नात शोभतेस. ओमापण दुसऱ्यांचे पत्ते बघून खेळायची."

"ओमाकडून तू शिकला असतास तर ही वेळ आली नसती."

"मार गं, मार. बोलू नकोस, मार."

त्याच्या गालांवर लाली चढली होती. तिलाही चढली होती. मधे मधे तिला आपण काय करतोय याचा विसर पडायचा आणि फक्त जिंकायचं असायचं, सतरा वर्षांची असल्यासारखं. तिसऱ्या रविवारी तिनं त्याचा शेवटचा किल्ला घेतला. सेनापती आखिम दरवाज्यात पडला. काच फुटली आणि व्हायोलिन वाजलं. या वेळी तिनं आवाज बंद केला नाही. मुंडेकनं ते शेवटपर्यंत ऐकलं, मान किंचित तिरकी करून.

"चांगलं केलंय," तो म्हणाला. "जुन्यात हे नव्हतं. जुन्यात नुसता शिंगाचा आवाज यायचा. हे त्यांचं स्वतःचं आहे."

"पुन्हा मांडू?"

"नको."

"मुंडेक, मी तुला मारलं. खरं मारलं. विचार हवं त्याला."

"माहीत आहे. कानांनी कळलं." तो उठला, टेबलाच्या कडेवरून हात फिरवत. "पण हा खेळ नव्हे. तू माझे पत्ते बघत बघत मला मारलंस, त्याशिवाय तुला दुसरा रस्ताच नव्हता. आपल्या दोघांत डोळ्यांची एक जोडी कमी पडते. तुझा दोष नाही."

"मी कुणीतरी शोधते. अंधांच्या संस्थेत विचारते. रेगिनाला बसवू."

"रेगिनाला घोडा आणि गाढव यातला फरक कळत नाही."

"शिकेल."

"बिंका," तो म्हणाला, "बस झालं."

त्यानं तारा काढल्या, एकेक चाचपून, आणि नीट गुंडाळल्या.

त्यानंतर

ती रविवारी येत राहिली. सूप, गुंडाळ्या, गोळे, कोबी. तो जेवायचा, काम करायचा, दाढी करायचा. तिला ज्याची भीती होती त्यातलं काही झालं नाही. झालं ते दुसरंच.

तिनं त्याच्यासाठी सदरा काढून ठेवला आणि सांगितलं, निळा आहे, स्वच्छ आहे. नंतर जिन्यातून उतरताना तिनं वळणावरून ऐकलं: "रेगिना, हा कुठला रंग? आणि कॉलरवर काही डाग?" दुधाची तारीख तिनं वाचली, आणि ती कोट घालत असताना त्यानं फोन बाटलीवर धरून फोनकडून पुन्हा वाचून घेतली, आवाज बारीक करून. तिनं सांगितलं, बाहेर पाऊस नाही. त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला. त्यात ओरखडा नव्हता, टोमणा नव्हता. एखादा माणूस फूटपाथची कड काठीनं बघतो तसं.

ती दिवसभर लोकांची हाडं बघायची आणि कागदावर जे असेल ते लिहायची. तिच्या शब्दावर डॉक्टर माणसं कापायचे. रविवारी संध्याकाळी ट्राममध्ये ती स्वतःशी म्हणायची, निळाच होता रे.

पहिला नोव्हेंबर

मेलेल्यांसाठी दिवे लावायचा दिवस. सगळं बितोम दफनभूमीत होतं. फाटकाबाहेर शेवंती आणि काचेतले दिवे विकायला बसलेल्या बाया, आत इतकी माणसं की रांगेनं चालावं लागत होतं. मुंडेकनं सबीनाचा दंड धरला होता. आखिमच्या थडग्यावर नवा दगड बसला होता, मागच्याच आठवड्यात. रेगिना सकाळीच येऊन गेली होती, तिच्या शेवंत्या होत्या.

सबीनानं वाकून दिवा लावला, झाकण बसवलं.

"लागला," ती म्हणाली.

मुंडेक गुडघ्यावर बसला. त्यानं दिव्यावर तळवा धरला, मग अजून थोडा खाली नेला. ऊब लागली तसा हात काढून त्यानं खिशात घातला.

मग त्यानं दगड शोधला. बोटं नावावरून फिरवली, एकेक अक्षर, पहिल्यापासून. अक्षरं खोल होती, कडा धारदार.

"रेगिनानं सोनेरी सांगितली होती," तो म्हणाला. "आखिमला झगमगाट आवडायचा. त्याच्या गाडीची चाकं आठवतात? सोनेरीसाठी तिनं हिवाळाभर शिवणकाम घेतलं. झाली का सोनेरी?"

सबीनानं दगडाकडे पाहिलं. अक्षरं काळी होती, साधी, दगडात जेमतेम उठून दिसणारी. दगडवाल्यानं फसवलं होतं, किंवा रेगिनाचं काही जमलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. मुंडेकचा चेहरा वर झाला होता, वाट बघत. सोनेरी म्हणायला एक शब्द पुरला असता. बोटांना रंग कळत नाही.

"नाही," ती म्हणाली. "काळी आहेत."

त्याची बोटं शेवटच्या अक्षरावर थांबली.

"काळी?"

"काळी. सोनेरी कुठेच नाही."

पाठीमागून माणसं जात होती, पावलांवर पावलं, बायका, पोरं, कुणी खोकत, कुणी दिव्याच्या किमतीवर बोलत. त्यातलं कुणीही त्याच्या हाताच्या अंतरावर होतं. मुंडेकनं मान त्या बाजूला वळवली आणि एक घोळका जाऊ दिला, मग दुसरा. सबीना उभी राहिली.

त्यानं कुणाला विचारलं नाही. गुडघ्याची माती झाडली, हात पुढे केला, आणि तिनं दंड दिला.